ज्यांनी ठोकायची लाकडी मोगरी मजुराच्या हातात दिली, त्या मॅडमना

आदरणीय मॅडम,

तुमचं नाव या पत्रात येणार नाही. ‘झाड वाचलं ना, मग झालं, माझं नाव कशाला?’ असं निघताना तुम्ही म्हणालात, ते मी पाळते आहे. पण जाहीर आभार मानल्यावाचून मात्र राहवत नाही. रस्त्यासाठी आमचा जुना वड तोडणार होते. तो वाचवून रस्त्याची आखणी बदलल्याचं पत्र आलं त्या संध्याकाळी आम्ही सगळे एकमेकांना फोन करत होतो आणि फोनवर धड बोलता कुणालाच येत नव्हतं. आजही त्या वडाखालून जाताना घसा दाटून येतो.

झाडांच्या जाणकार म्हणून तुम्ही वड तपासायला येण्याआधी आम्ही काय काय ऐकलं होतं, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही. ‘झाड पोकळ आहे, कधीही पडेल, जीवितहानी होईल’ असा अहवाल तयार होता. तो देणारे तज्ज्ञ गाडीतून खाली उतरले नव्हते. काच खाली करून त्यांनी झाडाकडे पाहिलं, फोटो काढला आणि गेले. शेकडो वर्षांच्या झाडाच्या मरणाचा कागद इतक्या सहज कुणी सही करून देऊ शकतं, याची चीड माझ्या मनातून अजून गेलेली नाही. दुसरे एक जाणकार आमच्या बाजूने बोलायला तयार झाले आणि ऐन सुनावणीच्या आदल्या दिवशी त्यांनी फोन उचलणं बंद केलं. पुढारी आले, झाडाला हात लावून फोटो काढून गेले. प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य: एकाच्या बदल्यात पाहिजे तेवढी झाडं लावू.

हे वाक्य मला सर्वात जास्त लागायचं. महाराष्ट्रात २०२१ च्या कायदा दुरुस्तीने ५० वर्षांवरच्या झाडांना हेरिटेज वृक्ष म्हणून वेगळं स्थान दिलं आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावायची अट घातली. अट चांगलीच आहे. पण ढोलीत पिंगळे राहतात, फळं धरली की हरियल आणि वटवाघळं येतात, खोडावर मुंग्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या चालत असतात, ते सगळं खड्ड्यात उभ्या केलेल्या रोपांवर कुठे जाऊन राहणार? आणि ती रोपं जगली की नाही, हे बघायला पुढच्या उन्हाळ्यात कोण जातं?

तुम्ही आलात त्या सकाळी वातावरण तापलेलं होतं. करवतवाले दोर बांधून तयार होते, ठेकेदाराचा मुकादम ‘वर्क ऑर्डर आहे’ एवढंच म्हणत होता, आणि आमची मंडळी त्या मजुरांवर तोंडसुख घेत होती. कुणी त्यांना खुनी म्हणालं, कुणी शाप दिले. ते बिचारे खाली मान घालून बसले होते.

तुम्ही घोषणांकडे लक्ष दिलं नाहीत. झाडाला एक पूर्ण फेरी मारलीत, पिशवीतून लाकडी मोगरी काढलीत, आणि आम्हाला वाटलं आता तुम्ही अधिकाऱ्यांना काहीतरी सुनावणार. तुम्ही सरळ त्या मजुरांमधल्या सर्वात वयस्कर माणसाकडे गेलात. ‘दादा, लाकूड तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. जरा वाजवून सांगता का, कुठे भरीव आहे ते?’ असं म्हणून मोगरी त्यांच्या हातात दिलीत.

ते दादा आधी तुमच्याकडे बघतच राहिले. मग उठले, हात पँटीला पुसले आणि खोडावर ठोकायला लागले. छातीच्या उंचीवर, गुडघ्याच्या उंचीवर, मुळांच्या पाखांवर. आवाज बदलला की थांबायचे, कान खोडाजवळ न्यायचे, पुन्हा ठोकायचे. तुम्ही मागून खडूने खुणा करत होतात. एका ठिकाणी सालीला जरासा धक्का लागला आणि पांढरा चीक वर आला. दादांनी तो अंगठ्याने टिपला, बोटांवर चिकटतोय का ते पाहिलं आणि मुकादमाकडे वळून म्हणाले, ‘आतून पोकळ आहे साहेब, पण चहूबाजूंनी भिंत जाड आहे. हे पडायचं झाड नाही.’

तिथे घोषणा आपोआप थांबल्या. मुकादमालाही पुढे बोलता येईना, कारण हे त्याचाच माणूस बोलला होता.

पुढची तुमची विद्वत्ता मी कमी लेखत नाही. पोकळी आहे म्हणजे झाड मेलं असं नाही, जिवंत भाग सालीखालीच असतो आणि आतलं जुनं लाकूड तसंही मृतच असतं, हे तुम्ही सुनावणीत किती सोपं करून सांगितलंत! त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश जाडीची निरोगी भिंत शाबूत असली तर खोड सहसा टिकून राहतं, हा ठोकताळाही सांगितलात. वड पुष्कळदा दुसऱ्या झाडाच्या बेचक्यात रुजतो, त्याला वेढत जमिनीपर्यंत येतो, आणि आतलं झाड कुजून गेलं की मध्ये पोकळी राहते. म्हणजे ज्या गोष्टीवरून आमच्या वडाला रोगी ठरवलं होतं, ती त्याच्या जन्माची खूण असू शकते. हे ऐकताना समोरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं होतं. मग तुम्ही हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या महावटाचं उदाहरण दिलंत: बुरशीने कुजलेलं मूळ खोड १९२५ मध्ये काढून टाकावं लागलं, तरी ते झाड पारंब्यांच्या जोरावर आजही पसरतं आहे. त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावच्या वडासाठी २०२० मध्ये महामार्गाच्या आखणीत बदल झाला होता, तो दाखला आमच्या फाइलमध्ये कधीपासून होता. तुमच्यानंतर तो वाचून दाखवला तेव्हा कुठे तो ऐकला गेला.

पण मॅडम, माझ्या लेखी झाड वाचलं ते मोगरी देताना. तुम्ही स्वतः ठोकून सांगितलं असतं तर ‘यांच्या बाजूची बाई’ म्हणून सोडून दिलं असतं. आणि ते दादा दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन संध्याकाळी घरी गेले असते. चिपको आंदोलनात, उत्तराखंडातल्या रैणीच्या जंगलात, १९७४ मध्ये झाडं तोडू न देण्यासाठी गौरा देवी गावातल्या बायकांना घेऊन उभी राहिली, तेव्हा ती आधी मजुरांशीच भाऊ म्हणून बोलली आणि जंगल आमचं माहेर आहे असं तिने त्यांना सांगितलं. झाडाला मिठी मारल्याचं चित्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं, हे बोलणं फारसं कुणी सांगत नाही. तुम्हाला ते ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही. मला वाटतं तुमचा स्वभावच तसा आहे. तुम्ही साहेबांशी ज्या आवाजात बोललात त्याच आवाजात दादांशी बोललात, आणि आम्हा संतापलेल्यांशीही. मोठमोठ्या पदांवरची माणसं या काळात आम्ही पाहिली. समोरचा कोण आहे हे बघून त्यांचा सूर बदलताना पाहिला. साधं माणुसकीने वागणं इतकं दुर्मीळ का व्हावं, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. माणूस खरंच चांगला असला की त्याच्या आसपासचे चार लोकही जरा नीट वागायला लागतात, हे आम्ही त्या सकाळी पाहिलं. ज्यांनी मजुरांना शाप दिले होते, त्यांनीच नंतर त्यांना सावलीत बसवून पाणी दिलं.

येण्याजाण्याचा खर्चही तुम्ही घेतला नाहीत. अहवाल स्वतः टाइप केलात. त्याच्या शेवटी ‘पाहणीत साहाय्य’ म्हणून दादांचं नाव घातलंत. त्यांनी त्या पानाची झेरॉक्स मागून घेतली आहे.

आता तुम्ही सांगितलेल्या कामाबद्दल. बुंध्याला टेकलेलं काँक्रीट फोडायला सुरुवात झाली आहे. यंत्र लावू दिलेलं नाही, पहारीने हळूहळू चाललं आहे, कारण पोसणारी मुळं वरच्या हात-दोन हात मातीतच असतात हे तुमचं म्हणणं सगळ्यांना पाठ झालं आहे. रस्त्याकडच्या तीन पारंब्या पोकळ बांबूतून खाली सोडल्या आहेत, त्यांतली एक मातीला टेकायला आली आहे. काँक्रीट कुठपर्यंत काढायचं यावर मात्र वाद आहे. नगरपालिकेचे लोक पाराच्या कडेपर्यंत म्हणतात, आम्ही फांद्यांच्या घेराबाहेर म्हणतो. पावसाआधी एकदा येऊन तेवढी रेघ तुम्ही आखून द्या. दादांना निरोप दिला आहे, खडू घेऊन तेही येणार आहेत.

तुमची,
वड बचाव मोहिमेतली एक कार्यकर्ती