एकटीचा चहा

उजी (जपान), १८ मे

प्रिय सुमे,

बाबांच्या वर्षश्राद्धाला तू दोन दिवस राबलीस, आणि त्यानंतर मी तुला दोन ओळीसुद्धा लिहिल्या नाहीत. रागव, पण वाच. माझी कंबर बरी आहे.

आई चहा पितेय गं!

बाबा गेल्यापासून तिनं चहाला तोंड लावलं नव्हतं, तुला माहीतच आहे. पहाटे साडेपाचला बाबांच्या हातचा कप, परीक्षेत आपल्या दोघींचाही, आणि साय कुणाच्या कपात गेली यावरून आपली भांडणं. (साय तूच पळवायचीस. अजून म्हणते.)

इथं आल्यावरही आठ दिवस नुसतं कोमट पाणी. मी सकाळी माचा, म्हणजे इथला हिरव्या पुडीचा चहा, करायला बसले की लांबून बघायची. "मेंदी भिजवतेस का?" पूड चाळताना दिसल्यावर म्हणाली, "म्हणजे वस्त्रगाळ." मग जवळ येऊन बसली. वाडगा गरम पाण्यानं विसळून पुसायचा, बांबूच्या चमच्यानं दोन चमचे पूड, म्हणजे साधारण २ ग्रॅम. उकळलेलं पाणी ८० अंशांपर्यंत निवू द्यायचं, नाहीतर कडू होतं. पाणी ७० मिलिलीटर, आपल्या कटिंगएवढंच. मी ढवळायला चासेन, म्हणजे बांबूच्या बारीक काड्यांची घुसळणी, उचलणार, तोच तिनं ती घेतली आणि दोन्ही तळव्यांत धरून रवीसारखी घुसळली! बांबूच्या दोन काड्या मोडल्या. आधी ती हसली, मग मी. सुमे, वर्षभरानं हसली. मग मी तिचं मनगट धरून दाखवलं: तळाला न टेकवता, भरभर पुढे-मागे. बारीक फेस आला. साताऱ्याहून आणलेला कंदी पेढा आधी खाल्ला (इथंही गोड आधीच खातात) आणि वाडगा संपवला.

मग तिला चहाच्या बागेत नेलं. तोडणीआधी तीनेक आठवडे झाडांवर काळी जाळी घालतात. ऊन अडलं की पानातलं थिॲनिन, म्हणजे चहाला चव देणारं द्रव्य, टिकतं, तुरटपणा कमी राहतो. दगडी जात्यावर तासाला जेमतेम ४० ग्रॅम पूड निघते, हे ऐकून मला नवल वाटलं, तिला नाही. "घाई केली की पीठ तापतं," म्हणाली. तेच कारण आहे!

आता रोज स्वतः करते. आणि परवा म्हणाली, पुढच्या महिन्यात मला साताऱ्याला पोचव, एकटी राहीन. मी भांडले. जिना आठवला, रक्तदाब आठवला, रात्री दिवे गेले तर कोण, हे आठवलं. ती शांतपणे म्हणाली, "तो चहा दोघांचा होता, मला एकटीला जमत नाही. हा ज्याचा त्याचा वेगळा वाडगा." यावर मी काय बोलू? तीन रात्री झोप नाही. तिला धरून ठेवणं बरोबर नाही हे कळतं, पण सोडवत नाही.

तू जात राहशील? मी सांगितलंय असं म्हणू नकोस. माचाचे डबे पाठवते तिच्याबरोबर. उघडलेला डबा फ्रिजमध्ये, झाकण घट्ट, महिनाभरात संपवायचा, एवढं तिच्यावर लक्ष ठेव. तुला करून दिला तर दूध मागू नकोस.

ओवीची दहावी झाली ना? सासऱ्यांचा गुडघा? सगळं लिही.

आणि शनिवारी नको जाऊस, त्या दिवशी ती मारुतीला जाते.

तुझीच,
नंदू