रविवारची बैठक : पाच म्हणजे पाचला!

मंडळी, येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता, नौपाड्यातल्या नेहमीच्या हॉलवर. मागच्या वेळी वक्ते आधी आणि आपण नंतर, असं झालं होतं.

विषय : अमेरिकेतल्या रॉचेस्टरचं (मिनेसोटा राज्य) सेंट मेरीज हॉस्पिटल. २१ ऑगस्ट १८८३ च्या टॉर्नेडोनंतर जखमींना नाचघरात ठेवलं. शुश्रूषेला आल्या शाळा चालवणाऱ्या फ्रान्सिस्कन सिस्टर्स, म्हणजे नर्स नव्हे, ख्रिस्ती जोगिणी! त्यांच्या प्रमुख मदर आल्फ्रेड यांनी गावातले डॉक्टर मेयो यांचा पिच्छा पुरवून १८८९ मध्ये २७ खाटांचं रुग्णालय उभं केलंच. बेंबीवरची कर्करोगाची गाठ आजही तिथल्याच सिस्टर मेरी जोसेफ यांच्या नावाने ओळखतात.

- निवृत्त परिचारिकांनी वॉर्डातली एक आठवण लिहून आणावी. रुग्णाचं नाव नको.
- चहाचे २० रुपये, सुट्टे.
- पार्किंग नाही. रिक्षाने या.