म्हादई व्याघ्र प्रकल्प: भीती नको, हक्काचे कागद द्या

महोदय,

म्हादई अभयारण्यासह गोव्यातील संरक्षित जंगले व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २४ जुलै २०२३ रोजी दिला. मुदत तीन महिन्यांची होती. अधिसूचना काढायची सोडून सरकारने सर्वोच्च न्यायालय गाठले, आणि इकडे सत्तरी तालुक्यात पुढारी सांगत सुटले की प्रकल्प आला की घरदार, काजूच्या बागा, कुळागरे (सुपारी-नारळाच्या बागा) सोडून जावे लागेल.

लोक घाबरतात, कारण ज्या जमिनी पिढ्यानपिढ्या कसल्या त्यांपैकी कितीतरी आजही त्यांच्या नावावर नाहीत. एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या नोंदीवर, ज्याचे नाव नाही, त्याला कोणीही घाबरवावे! पण ते नाव चढवायचे काम कोणाचे? १९९९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले, २००६ मध्ये वन हक्क कायदा आला, तरी जमिनीच्या हक्काचे दावे पडूनच राहिले. ते बारा महिन्यांत निकाली काढा, असेही याच निकालात म्हटले आहे. त्याबद्दल मात्र गावच्या सभेत कोणी अवाक्षर काढत नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार व्याघ्र प्रकल्पातून स्थलांतर होते ते स्वेच्छेने, परस्पर संमतीने. गाभा क्षेत्राभोवतीच्या बफर क्षेत्रात तर माणसांची वस्ती आणि उपजीविका गृहीतच धरलेली आहे. हेही सांगितले जात नाही.

गोव्यातले वाघ कर्नाटकातून येणारे पाहुणे आहेत, असा युक्तिवाद केला जातो. जानेवारी २०२० मध्ये सत्तरीतल्याच गोळावली गावात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषबाधेने मेले. पाहुणी वाघीण इथे पिल्ले घेऊन राहते का? पलीकडे कर्नाटकात काळी व्याघ्र प्रकल्प आहे, जंगल सलग आहे, वाघाला राज्याची सीमा कळत नाही. आणि म्हादईचे पाणी वळवू देणार नाही म्हणून कर्नाटकाशी भांडणारेच त्या नदीच्या जंगलाला मिळणारे भक्कम संरक्षण नाकारतात, हे मला अजिबात पटत नाही.

सरकारने अपील मागे घ्यावे. कोणता सर्व्हे क्रमांक गाभा क्षेत्रात, कोणता बफरमध्ये, याचे नकाशे प्रत्येक पंचायतीत मराठी-कोकणीतून लावावेत. वाघाने गाय मारली तर भरपाई त्याच महिन्यात गोठ्याच्या मालकाच्या खात्यात जमा व्हावी.

– एक वाचक, वाळपई (सत्तरी)