चार गोण्या टांगल्या म्हणजे झोपाळा तपासला?

महोदय,

आमच्या सोसायटीच्या अंगणातला लोखंडी झोपाळा नवरात्राच्या तोंडावर तुटला. आडव्या पाइपाला वेल्ड केलेली कडी निघाली. एका आजींच्या मनगटाला मार बसला, तेवढ्यावर निभावलं. कडी पुन्हा वेल्ड झाली, सेक्रेटरींनी सिमेंटच्या चार गोण्या रात्रभर टांगल्या आणि सकाळी म्हणाले, "काका, आता हत्ती बसवा!" मकरपुरा जीआयडीसीत तीस वर्षं वेल्डिंग इन्स्पेक्टर होतो, त्यामुळे गप्प बसवत नाही.

कडी वजनाने तुटलीच नव्हती. तुटलेला तुकडा मी पाहिला. वेल्ड संपून पाइप सुरू होतो त्या कडेपाशी (हिला 'टो' म्हणतात), गंजलेली गुळगुळीत चंद्रकोर. बाकीचा भाग ताजा, खरबरीत. म्हणजे चीर कित्येक महिने आत सरकत होती. पुन्हा पुन्हा ताण बसून धातू असा थकतो, याला फटीग म्हणतात, आणि त्यात मोजायचे ते झोके.

मिनिटाला २० झोके, दिवसाला दोन तास (बडोद्यात हे कमीच) धरले तरी वर्षाला पावणेनऊ लाख. सव्वादोन वर्षांत २० लाख! वेल्डच्या जोडांचे, किती ताण सोसतील त्याचे वर्ग नेमके ताणाच्या २० लाख फेऱ्यांवरच ठरवलेले असतात: त्या वर्गाचा ताण दिला तर ९७.७ टक्के जोड टिकतात. शंभरात दोन-तीन जातात, हे मान्य करूनच तो आकडा छापलेला असतो. आपल्या झोपाळ्याला कड्या चार. एक गेली तरी माणूस खाली, म्हणून धोका शंभरात जवळजवळ नऊ. त्यात दोघांच्या जागी चौघे बसले आणि ताण दुप्पट झाला, तर आयुष्य आठव्या हिश्श्यावर येतं. गोण्या स्थिर टांगून यातलं काय कळणार?

"भारी स्टील आणू" हाही उपाय नव्हे. 'टो'पाशी बारीक खाचा असतातच, आणि तिथे भारी आणि साधं स्टील जवळपास सारखंच थकतं. त्यापेक्षा टो ग्राइंडरने हलक्या हाताने गुळगुळीत करून घ्या आणि दर सहा महिन्यांनी चारही जोडांची डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून बारीक चीर शोधायची तपासणी) करा. खर्च फराळाच्या वर्गणीहून कमी.

आता कमिटीला त्याच पाइपाला आकाशकंदिलासाठी एक हूक वेल्ड करायचा आहे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रात 'अलेक्झांडर किलँड' हा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला, १२३ माणसं गेली. चीर सुरू झाली होती ती एका ध्वनियंत्राचा (पाण्याखालचे आवाज टिपणाऱ्या हायड्रोफोनचा) आधार बसवण्यासाठी केलेल्या ६ मिलिमीटरच्या वेल्डपासून. कंदील सुतळीने बांधा.

— एक निवृत्त वेल्डिंग इन्स्पेक्टर, दांडिया बाजार, वडोदरा