जीवशास्त्राच्या मुलांना गणित सोडायला लावू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

बारावीच्या निकालानंतर आपल्या दैनिकाने काढलेल्या करिअर पुरवणीत नीट, फार्मसी, नर्सिंग आणि कृषी यांची सविस्तर माहिती होती. मात्र कर्करोग संशोधनाचा, त्यातही सिस्टिम्स बायोलॉजीचा (पेशीतील घटकांच्या परस्परसंबंधांच्या गणिती अभ्यासाचा), उल्लेख कुठेच आढळला नाही. ज्या भागात पानठेल्यावर पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून दिवसभर खर्रा विकला जातो, तेथील मुलांना तरी हा विषय परका वाटू नये.

आंतरराष्ट्रीय कर्करोग जीनोम (पेशीतील संपूर्ण जनुकीय माहिती) प्रकल्पात भारताने अभ्यासासाठी गाल आणि हिरडीचाच कर्करोग घेतला होता. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील राष्ट्रीय जैववैद्यकीय जीनोमिक्स संस्था आणि खारघरचे ॲक्ट्रेक हे टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र यांच्या चमूने त्यातील जनुकीय बदल २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. पण बिघडलेल्या जनुकांची यादी हाती आली म्हणजे रोग कळला, असे होत नाही. ती जनुके आणि त्यांपासून बनणारी प्रथिने एकमेकांना कशी चालवतात आणि कशी अडवतात, याचा हिशेब मांडणे हे सिस्टिम्स बायोलॉजिस्टचे काम आहे.

बीरॅफ जनुकातील एका ठरावीक बदलावर वेमुराफेनिब हे औषध निघाले. मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगात हा बदल असलेल्या सुमारे निम्म्या रुग्णांना ते लागू पडते. तोच बदल असलेल्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात मात्र ते एकटे फारसे चालत नाही. ओलित करताना एक दांड बुजवला की पाणी दुसरीकडून फुटते, तसाच हा प्रकार असल्याचे २०१२ मध्ये उघड झाले. पेशीला वाढण्याचा संदेश देणारा बीरॅफचा मार्ग चालू असतो तोवर तो ईजीएफआर या प्रथिनाला दाबून ठेवतो. औषधाने तो मार्ग बंद पडला की ईजीएफआर जागा होतो आणि पेशीला वाढण्याचा संदेश पुन्हा मिळू लागतो. मेलॅनोमाच्या पेशींत ईजीएफआर मुळातच कमी असतो, म्हणून तेथे ही पळवाट सहसा सापडत नाही. पुढे दोन्ही वाटा एकाच वेळी अडवणाऱ्या औषधांच्या जोडीला अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली.

असे उलटसुलट परिणाम तोंडी हिशेबाने उलगडत नाहीत. त्यासाठी अवकल समीकरणे (बदलाचा वेग मांडणारी समीकरणे), संख्याशास्त्र आणि संगणकाची भाषा लागते. आमच्याकडची अडचण नेमकी येथेच आहे. नीटला गणित नाही, एवढ्या एकाच कारणावरून अकरावीच्या प्रवेशावेळी जीवशास्त्र घेणाऱ्या मुलांना गणित सोडायला सांगितले जाते. शिकवणीवाल्यांनाही तेच सोयीचे असते. नीटचे एक-दोन प्रयत्न वाया गेल्यावर हीच मुले बीएस्सीला येतात, तेव्हा गणिताचा धागा तुटलेला असतो.

वास्तविक दोन्ही विषय ठेवणाऱ्यांना वाट मोकळी आहे. आयसर म्हणजे भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थांच्या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र अशा चारही विषयांचे प्रश्न असतात. तेथे पाच वर्षांची बीएस-एमएस पदवी मिळते. पुढे नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण होऊन जेआरएफ (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) मिळाल्यास पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांत दरमहा ३७,००० रुपये शिष्यवृत्ती आणि नियमानुसार घरभाडे मिळते. ‘पोरगा कमावणार कधी?’ असे विचारणाऱ्या शेतकरी बापाला हा आकडा सांगण्यासारखा आहे. अर्थात पीएचडीला पाच-सहा वर्षे जातात, त्यानंतरही कायम नोकरीची हमी नसते, आणि हे आधीच सांगितले नाही तर ती फसवणूक ठरेल. सरावासाठी मात्र मोठ्या प्रयोगशाळेची वाट पाहावी लागत नाही. अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम ॲटलास प्रकल्पाने ३३ प्रकारच्या कर्करोगांचे २०,००० हून अधिक नमुने तपासले असून त्यातील बरीचशी माहिती इंटरनेटवर मोफत आहे. तालुक्याच्या महाविद्यालयातील साध्या संगणकावरही ती उघडता येते.

तेव्हा कनिष्ठ महाविद्यालयांनी पालकांना हे सारे समजावून सांगितल्याशिवाय कोणाचेही गणित कमी करू नये, आणि आपण पुढील पुरवणीत नीटच्या तारखांशेजारीच आयसरच्या अर्जाच्या तारखाही छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
ता. दारव्हा, जि. यवतमाळ