नोबेलचं नामांकन म्हणजे काय, एवढं तरी विचारायचं

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पान तीनवर आमच्या भागातल्या भाऊंचा शाल-श्रीफळ घेतानाचा फोटो आणि खाली ‘नोबेल शांतता पुरस्काराच्या अंतिम यादीत, स्वीडनहून पत्र’ हे वाचून डोकंच फिरलं. स्वीडनहून काहून बाप्पा? बाकीचे नोबेल तिथे ठरतात, शांततेचं नॉर्वेत, ओस्लोला, तिथल्या संसदेने नेमलेली पाच जणांची समिती ठरवते. आणि अंतिम यादी ती समिती कोणाला दाखवतच नाही, नावं 50 वर्षं कुलूपबंद असतात, आपल्या वार्ताहराला मात्र बरी दिसली.

नामांकन कसं होते ते मी घरातच पाहिलं म्हणून लिहितेय. आमचे हे विद्यापीठात इतिहासाचे प्राध्यापक. इतिहास, कायदा, तत्त्वज्ञान असे विषय शिकवणारे प्राध्यापक, कोणत्याही देशाचे खासदार, मंत्री, आधी शांततेचं नोबेल मिळालेले, या सगळ्यांना नाव पाठवता येते, 31 जानेवारीच्या आत ऑनलाईन फॉर्म भरला की झालं. हे भाऊंच्या माणसांनी बरोबर हुडकून काढलं. जानेवारीत संत्रा बर्फीचा डबा घेऊन तिघं घरी हजर, मजकूर इंग्रजीत टाईप करून आणलेला, सर तुम्ही फक्त तुमचं नाव टाका नि सबमिट करा. कशासाठी, तर भाऊंनी दोन मंडळांचं विसर्जनाच्या मिरवणुकीतलं भांडण मिटवलं. मिटवलं ते चांगलंच केलं, पण यांनी नाही म्हटलं. बर्फी परत नेली बरं का त्यांनी! तेव्हापासून भाजीच्या ठेल्यावरही ऐकतेय की सर जळतात. मग दुसऱ्या कोणी भरला असेल फॉर्म.

बरं, भरला तरी काय? 2025 ला 338 नावं होती. 1939 मध्ये हिटलरचंही नाव गेलं होतं, स्वीडनच्या एका खासदाराने टोमणा म्हणून पाठवलं नि मग मागे घेतलं. गांधीजींचं पाच वेळा गेलं, शेवटी 1948 ला, आणि त्या वर्षी हयात असलेला लायक उमेदवार नाही म्हणून कोणालाच दिलं नाही. सेवाग्राम इथून कितीसं लांब आहे, आणि तुम्ही भाऊंना ‘विदर्भाचा पहिला मान’ देऊन मोकळे.

‘नाव कोणी पाठवलं’ एवढं एक फोन करून विचारलं असतं तर बातमी तिथेच आटपली असती. आता तुमचंच कात्रण मोठं करून फ्लेक्स छापलाय, आमच्या वळणावर खांबाला बांधलाय, समोरून येणारी गाडी दिसत नाही, वर तुमच्या पेपरचं नाव ठळक अक्षरात आहे म्हणून कळवते.

खुलासा छापाल तर पान तीनवरच छापा, छोट्या जाहिरातींच्या खाली नको. आणि रविवारचं शब्दकोडं काढून तिथे फ्लॅटच्या जाहिराती टाकल्या त्याबद्दलचं माझं आधीचं पत्र तर तुम्ही छापलंच नाही, ते कोडं परत कधी सुरू करताय?

एक जुनी वाचक, प्रतापनगर, नागपूर