त्या छायाचित्रातली पाणबुडी जर्मन नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नेताजींच्या जयंतीनिमित्त रविवारच्या पुरवणीत आलेला लेख आवडला. खटकली ती छायाचित्राखालची ओळ, ‘जर्मन पाणबुडीवर नेताजी’. चित्रात नेताजी पुढच्या रांगेत डावीकडून दुसरे बसलेत आणि भोवतीचे नौसैनिक जपानी आहेत. असणारच, कारण ती पाणबुडी जपानची आय-२९ आहे. जर्मनीतल्या कील बंदरापासून त्यांना हिंदी महासागरापर्यंत आणले ते यू-१८० या जर्मन पाणबुडीने. लेखात तिचे नावसुद्धा नाही, नुसते ‘एका जर्मन पाणबुडीतून’.

मी गोदीत पस्तीस वर्षे डिझेल इंजिनांवर फिटर होतो. या बोटीचा मला लळा लागला तो तिच्या इंजिनांपायी. यू-१८० ब्रेमेनला बांधली आणि मे १९४२ मध्ये जर्मन नौदलात आली. लांबी साडेसत्त्याऐंशी मीटर. लांब पल्ल्याच्या पाणबुड्यांना सहसा दोन दणकट डिझेल इंजिने असत. हिच्यात सहा बसवली, तीही किनाऱ्याजवळ सुसाट धावून टॉर्पेडो मारणाऱ्या छोट्या बोटींची, वीस सिलिंडरची मर्सिडीज इंजिने. हेतू एकच, पाण्यावर वीस नॉटच्या वर वेग मिळावा. कागदावर हे झकास दिसते. पण असले हलके, चढ्या फेऱ्यांचे इंजिन थोड्या वेळच्या धावेसाठी असते. त्याला महिनोन्महिने विषुववृत्त ओलांडायला लावले की ते तापणार आणि धूर ओकणार. तसेच झाले. ज्या बोटीने लपून राहायचे तिच्याच डोक्यावर धुराचा झेंडा! या जातीच्या दोनच बोटी बांधल्या, यू-१८० आणि यू-१९५. पुढे दोन्हींची ती इंजिने काढून साधी बसवली आणि त्यांना मालवाहू करून टाकले.

फेब्रुवारी १९४३ मध्ये नेताजी आणि त्यांचे सहकारी आबिद हसन या बोटीत चढले तेव्हा मात्र तीच सहा इंजिने होती. कप्तान होते वेर्नर मुझेनबर्ग. बोटीत सगळीकडे डिझेलचा वास भरलेला असे, ही हसन यांची आठवण. यावर माझा चटकन विश्वास बसतो. माझ्या कामाचा शर्ट आमच्याकडे कधी घरातल्या कपड्यांबरोबर भिजला नाही, बाहेरच्या खुंटीवरच असायचा, आणि मी तर रोज संध्याकाळी मोकळ्या हवेत घरी यायचो. त्या वासात नेताजी मजकूर सांगत आणि हसन उतरवून घेत.

ही बोट केवळ नेताजींना पोचवायला निघालेली नव्हती, ती युद्धगस्तीवर होती. १८ एप्रिलला दक्षिण आफ्रिकेच्या बाजूला तिने ‘कॉर्बिस’ हे ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवले. त्यावरचे बहुतेक खलाशी गेले. त्या वेळी नेताजी बोटीतच होते. आपल्याकडच्या लेखांत हा प्रसंग सहसा गाळतात. का, कळत नाही.

मादागास्करच्या आग्नेयेला आय-२९ भेटली, पण समुद्र इतका खवळलेला की दोन्ही बोटी जवळ आणता येईनात. अखेर २८ एप्रिलला रबरी होडीतून, दोराच्या आधाराने, लाटांत चिंब भिजत दोघे पलीकडे गेले. जपान्यांकडून यू-१८० वर आले एमी आणि तोमोनागा हे दोन नौदल अधिकारी, आणि बर्लिनच्या जपानी वकिलातीसाठी सुमारे दोन टन सोने. तोमोनागा पाणबुड्यांचे अभियंता. मे १९४५ मध्ये जपानला परतीच्या वाटेवर त्यांची जर्मन पाणबुडी यू-२३४ शरण जायला निघाली, तेव्हा त्यांनी तिच्यातच आत्महत्या केली.

आय-२९ ने नेताजींना सुमात्राजवळच्या साबांग बंदरात उतरवले, तिथून ते विमानाने टोकियोला गेले. यू-१८० ने परतताना ‘बोरिस’ हे ग्रीक जहाज बुडवले आणि ३ जुलैला ती फ्रान्समधल्या बोर्दोला लागली. साऱ्या युद्धात तिच्या खात्यावर ही दोनच जहाजे.

पुढच्या वर्षी आय-२९ लुझॉनच्या सामुद्रधुनीत अमेरिकन पाणबुडीने बुडवली, २६ जुलै १९४४ ला. महिनाही उलटला नाही तोच, ऑगस्टमध्ये, मालवाहू झालेली यू-१८० पूर्वेकडे जाण्यासाठी बोर्दोहून निघाली आणि बिस्केच्या उपसागरात बेपत्ता झाली. मुझेनबर्ग तोपर्यंत बदलून गेले होते. बोटीवरच्या ५६ जणांपैकी कोणीही परतले नाही.

पुढच्या २३ जानेवारीला हेच छायाचित्र छापाल तेव्हा खाली ‘जपानी पाणबुडी आय-२९, एप्रिल १९४३’ एवढे घालावे, आणि लेखात यू-१८० चे नाव. जागा फार लागणार नाही.

आपला,
एक निवृत्त फिटर, रत्नागिरी